मी म्हणजे कोण गं?

तू आता शाळेत शिकवायला लागणार, तेही संगीत, तेही लहान वर्गांना, म्हणून तुला सांगते. घाबरवायला नाही. घाबरायचं असेल तर पालकसभा पुरेशी असते. पण काही गोष्टी शिक्षकांच्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि सख्खी मावशी असून तिनंही सांगितलं नाही असं तू उद्या म्हणायला नको. तो दिवा जरा इकडे ओढ. हं, एवढा बास.

त्या शाळेत मी लागले तेव्हा संगीताला चांगली खोली होती. वरच्या मजल्यावर, खिडक्या असलेली. पण शेजारच्या वर्गात गणिताचे सर होते, आणि आमचा 'सा' लागला की त्यांची पोरं हातचा विसरायची. सरांनी तक्रार केली. मग मला ऑफिसात बोलावणं आलं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणायची. होत्याही तशाच. दारातून आत आल्या की दार लहान वाटायचं. त्यांनी माझ्यापुढे एक किल्ली सरकवली.

"तळघरात एक हॉल आहे. तुमचा आरडाओरडा तिथं घ्या."

"बाई, तो आरडाओरडा नाही, गाणं..."

"तेच ते. आणि एक सांगते. परीक्षेनंतर मी सगळ्या तासांचा आढावा घेणार आहे. तुम्ही पोरांना म्हणे खेळवता. खेळ घरी खेळतात, शाळेत शिकतात. तुमच्या तासाला पोरं काय शिकतात ते मला दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तो तास गणिताला."

नोकरी नवी, त्यात गणिताचे सर माझ्या तासाकडे मांजर दुधाकडे बघतं तसे बघत होते. मी किल्ली उचलली आणि खाली उतरले.

हॉल मोठा होता. जमीन गुळगुळीत, लाकडी. भिंतीत वर, छताला लागून, जाळी लावलेल्या बुटक्या खिडक्या. त्यांतून मैदानावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. भिंतीच्या पलीकडे कुठंतरी पाण्याचा थेंब पडत होता, पण दर वेळी वेगळ्या अंतरानं. मला त्याचाच आधी राग आला. माणूस बेताल असला तर समजू शकते, नळानं तरी लयीत गळावं! आणि एक वास होता. ओल्या पाटीचा. पाटी थुंकीनं पुसल्यावर यायचा ना, अगदी तो. पाट्या तर त्या शाळेतून केव्हाच गेल्या होत्या.

माझ्या पेटीचा भाता फुटलेला होता आणि दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात लोळत पडला होता. पण मला पेटीची गरज नव्हती. तुला म्हणून सांगते, तिसरीचं पोर बसून गात नाही. त्याचे हातपाय धरून ठेवलेस की गळाही धरला जातो. त्याला उठव, रिंगण करू दे, पावलावर पाऊल टाकायला लाव. ताल पायातून वर चढतो आणि गळ्यापर्यंत आपोआप येतो. म्हणून मी जुने गाण्यांचे खेळ शिकवायची. आईकडून आलेले, आईला तिच्या मावशीकडून आलेले. मावशीला कुठून, ते विचारायचं राहिलं.

त्यातला एक मुलांच्या फार आवडीचा झाला. त्याचं गाणं असं:

दार लावलं, कडी घातली, बाहेर कोण गं?
मी गं मी, मी गं मी!
मी म्हणजे कोण गं?
ओळखलंस तर सुटलीस बाई,
नाही तर मीट डोळे गं!

ज्याच्यावर राज्य, त्यानं मध्ये डोळे मिटून उभं राहायचं. बाकीच्यांनी हात धरून, गात, त्याच्याभोवती फिरायचं. 'मी गं मी' आलं की थांबायचं. मी बोटानं एकाला खूण करायची. त्यानं तेवढी ओळ एकट्यानं, आवाज बदलून गायची. मधल्यानं ओळखायचं कोण ते. ओळखलं, नाव घेतलं, की गाणाऱ्यावर राज्य. झालं. एवढासा खेळ. पण यात सूर आहे, ताल आहे, कान आहे. मोठ्या बाईंना दाखवायला याच्याहून चांगलं काही नव्हतं.

वर्गातली मुलं म्हणजे काय सांगू! एक होता नगारा. वर्गानंच ठेवलेलं नाव; पोरगा कानात कुजबुजला तरी खिडकीची काच थरथरायची. एक बातमी म्हणून मुलगी होती, तिला सगळ्या गावाचं सगळं माहीत. आणि एक टाचणी. तिची आई शिवणकाम करायची, आणि पोर अंगानं अशी की कपड्यात खोचून ठेवली तर सापडायची नाही. तिला ते नाव अजिबात आवडायचं नाही. पण नावडतं नाव जास्त चिकटतं.

एके दिवशी आभाळ भरून आलेलं. हॉलमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागले. बातमीवर राज्य होतं. रिंगण थांबलं आणि मी नगाऱ्याकडे बोट केलं. मनात कानांवर हात ठेवून तयार राहिले.

आणि सूर लागला. अगं, काय सूर! 'मी गं मी...' असा स्वच्छ, असा सरळ, जशी ओल्या काचेवरून बोट फिरवल्यावर निघते ती रेघ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात बेडूक, करवत, गंजकी बिजागरी, सगळे प्रकार रोज ऐकणारी मी. मी धावत जाऊन नगाऱ्याचे खांदे धरले.

"अरे लबाडा! इतके दिवस हा गळा कुठं लपवून ठेवला होतास?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, मी अजून तोंड उघडलंच नाही."

"मग कोण गायलं?"

बातमी मध्ये डोळे मिटून उभी होती, ती वैतागून म्हणाली, "मला नाही ओळखता येत. ही नेहमी असंच करते."

मला वाटलं, लाजतंय कुणीतरी. पुढच्या तासाला मी प्रत्येकाला पुढं बोलावून ती ओळ म्हणायला लावली. एकेकाचं ऐकता ऐकता माझ्या कानांची जी दशा झाली ती विचारू नकोस. त्या आवाजाचा मालक मात्र सापडेना. आणि मी अशी हावरट, की मनात स्नेहसंमेलनाचं मुख्य गाणं त्या आवाजाला देऊनही टाकलं होतं. सगळ्यांना परत बसवलं आणि विचारलं, "हे बघा, मी रागावणार नाही. तो गोड आवाज कुणाचा?"

"बाई," बातमी म्हणाली, "ती आपल्या वर्गातली नाहीच."

"मग? चौथीतली?"

"नाही. खालची. इथलीच आहे ती. आपण आलो की येते."

"चीटिंग करते बाई," नगारा म्हणाला, आणि भिंतीवरचा पोपडा पडला. "तिच्याकडे बोट केलेलं नसतं तरी गाते. आणि राज्य कधीच घेत नाही. तिचं नावच कुणाला माहीत नाही, मग ओळखणार कसं? हे काय बरोबर आहे का?"

सगळा वर्ग एकदम तक्रारी करायला लागला. ती ढकलते, ती रांगेत मध्ये घुसते, तिचा हात गार असतो. एकाही पोराच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो नुसता राग, जसा रडीचा डाव खेळणाऱ्यावर असतो. मी मात्र भिंतीपासून दोन पावलं लांब सरकले. तरी म्हटलं, आपण शिक्षिका. खात्री करून घ्यावी. मुलांना रिंगण करायला लावलं. गाणं सुरू झालं. पावलं फिरली... थांबली. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. बोट कुणाकडेच केलं नाही.

'मी गं मी...'

या वेळी मी नीट ऐकलं. सूर रिंगणातूनच येत होता. टाचणी आणि नगारा यांच्यामधून. त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले नव्हते. त्यांच्यामध्ये एका मुलाची जागा होती, आणि दोघांची बोटं कशावर तरी मिटलेली होती. सूर लांबत गेला. लांबतच गेला. आणि माझ्या लक्षात आलं, की या गळ्याला श्वास नाही. आपण गाताना मध्ये हवा घेतो ना, ती नाही. ओल्या पाटीचा वास इतका दाटला की माझ्या जिभेवर आला...

"टाइमप्लीज!" मी ओरडले. काय करणार, दुसरं काही सुचलंच नाही.

मुलं जागच्या जागी थिजली. त्यानंतर लाकडावर आणखी एक पाऊल वाजलं, आणि थांबलं.

"तिनं पण घेतली, बाई," बातमी म्हणाली. "टाइमप्लीज ती मानते."

घरी येऊन तुझ्या काकांना सांगितलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सुरात गाते ना? मग तुला काय त्रास?" भूत बायकोच्या पेशाचं असलं की झालं, एवढी यांची समज.

मी तो खेळ बंद केला. दुसरे घेतले. टाळ्यांचे, उड्यांचे. पण तू पोरांना एखादा खेळ खेळू नका म्हण, आणि बघ. एक दिवस मला ऑफिसात कसल्याशा सहीसाठी थांबवलं, पोरं खाली हॉलमध्ये एकटीच. मी जिन्यावरून खाली येते तर शाळा सुटल्याची घंटा झाली, आणि पोरं दप्तरं घेऊन माझ्या अंगावरून वर धावत सुटली. मागून सगळ्यात शेवटी टाचणी आली. कठडा धरून, पायरी चाचपत. डोळे मिटलेले.

"काय गं, नाटकं कसली?"

"नाटकं नाही बाई. माझ्यावर राज्य आहे." एवढं म्हणून ती चाचपतच वर गेली. मी हसले, बघ. हसले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई शाळेच्या दारात उभी. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, हातात पोरीचा हात. पोरीचे डोळे मिटलेले.

"गाण्याच्या बाई तुम्हीच ना? काय शिकवलंत हे? कालपासून पोरीनं डोळे उघडले नाहीत. जेवली डोळे मिटून. वेणी घालून घेतली डोळे मिटून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पापण्या वर करून बघितलं. म्हणाले डोळे ठणठणीत, पोर हट्टी आहे. माझी पोर हट्टी नाही हो! दोन नंबर मोठा फ्रॉक घातला तरी गप्प राहते ती."

"झोपली तरी का नीट?"

बाईनं इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "झोपली... तेव्हा उघडे होते. सताड. मी दिवा नेऊन बघितलं. पापणी हलत नव्हती... आणि झोपेत गात होती. बाई, माझी पोर इतकं चांगलं गात नाही."

मी टाचणीपुढे गुडघ्यांवर बसले. "राणी, खेळ संपला कालच. उघड डोळे."

"नाही संपला. राज्य दिल्याशिवाय उघडले तर चीटिंग होईल."

"होऊ दे की. मी सांगते ना."

"तुम्ही सांगून काय उपयोग?" ती अगदी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तुम्ही कुठं खेळताय? ती चिडेल. सगळ्यांनी ओळी म्हटल्या, मी सगळ्यांना ओळखलं, पण दर वेळी आधी तीच म्हणते, म्हणून तिलाच ओळखावं लागतं. तिचं नाव नाही येत मला."

एवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पहिलं वाक्य ऐकलं. "बघितलंत? हे तुमचे खेळ! आजच्या आज हे मिटवा. शाळा सुटली की मी स्वतः तळघराला कुलूप लावणार आहे. आणि संगीताचा तास बंद. गणिताच्या सरांना मी आत्ताच सांगते."

तास गेला याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण समोर ती पोर उभी होती, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती, जणू आत कुणीतरी चालतंय. म्हटलं, तास गेला खड्ड्यात, आधी ही सुटली पाहिजे.

शेवटच्या तासाला सगळी तिसरी घेऊन खाली उतरले. टाचणीची आईही आली. मी म्हटलं, "तुम्ही वर थांबा." ती म्हणाली, "पोर माझी आहे. रिंगणात मीही." आणि टेप सावरून नगाऱ्याचा हात धरून उभी राहिली. टाचणी मध्ये. मीही हात धरला या वेळी. माझ्या डाव्या हाताला बातमी होती. उजवा हात मी मोकळा ठेवला होता. क्षणभरानं तो मोकळा राहिला नाही. गार. लहानसा. मी खाली बघितलं नाही. आजही मला कुणी विचारलं, का नाही बघितलंस, तर मी त्याला म्हणेन, तू बघ.

"आधी तिचं नाव ठरवू या," नगारा म्हणाला. "आपणच ठेवू या. मग ओळखता येईल."

"रडकी ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"चीटर ठेवा."

"मी सांगू? तिला कच्चं लिंबू करून टाका," टाचणीची आई म्हणाली. "लहान असेल ती. राज्यच नको तिच्यावर, नुसतं खेळू दे."

"हुं!" माझ्या उजव्या हाताशी कुणीतरी फुरंगटून म्हणालं.

भिंतीमागचा थेंब थांबला. टाचणीच्या आईनं तोंडावर हात ठेवला. कच्चं लिंबू म्हटलेलं कुणाला आवडतं गं? मेलेल्यालाही नाही.

मग टाचणी मधूनच म्हणाली, "तिलाच विचारा ना. तुम्ही कुणी तिला विचारलंच नाही." आणि मिटल्या डोळ्यांनी बरोबर माझ्या उजव्या हाताकडे वळली. "ए... तुझं नाव काय?"

माझा हात आणखी गार होत गेला. मग तो आवाज. या वेळी गाण्यातला नाही, साधा. दाराच्या पलीकडून यावा तसा.

"...आठवत नाही."

टाचणी विचारात पडली. तिची आई मला खुणेनं सांगत होती, थांबवा हिला, थांबवा. पण माझा एक हात बातमीनं आणि दुसरा त्या हातानं असा धरला होता की मला हलताच येईना.

"मग माझं घे," टाचणी म्हणाली. "टाचणी. घरचं नाही देणार, ते आईनं ठेवलंय. हे वर्गानं ठेवलंय. मला नाही आवडत ते, पण तुला होईल. घे."

आम्ही गाणं म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, बोबडीच वळली होती सगळ्यांची. नगाऱ्याचासुद्धा आवाज बारीक निघाला. तेवढं एक त्या दिवशी साधलं. 'बाहेर कोण गं?' आणि सूर आला. 'मी गं मी...' सूर आता थरथरत होता. जिन्यात उभं राहून कुणाच्या तरी बोलावण्याची वाट बघणाऱ्या पोराचा असतो तसा.

"टाचणी!" टाचणी ओरडली. "ओळखलं! टाचणी! तुझ्यावर राज्य!"

माझ्या हातातला हात सुटला. लाकडावर पावलं वाजली, पळत, रिंगणाच्या मध्यापर्यंत. आणि टाचणीनं डोळे उघडले. तिनं आधी आईकडे बघितलं, मग दिव्याकडे, आणि शिंकली. तिची आई तिला कवटाळून रडायला लागली, आणि रडता रडता सवयीनं तिच्या फ्रॉकची उसवलेली शिवणही बघायला लागली. नगारा ओरडला, "जिंकलो!" आणि त्या आवाजानं वर ऑफिसातला फोन वाजू लागला, असं शिपाईमामा नंतर सांगत होते.

घंटा झाली. मी सगळ्यांना स्वतः फाटकापर्यंत सोडलं. एकेकाला डोळ्यांनी बघून सोडलं. रस्त्यावर नगाऱ्यानं मागून हाक मारली, "ए टाचणी, थांब ना!" ती मुलगी वळलीही नाही. पण शाळेच्या बाजूनं, खालून, त्या जाळीच्या खिडक्यांमधून अगदी आनंदानं उत्तर आलं.

"ओ!"

नगारा जो पळाला, तो थेट घरी गेला. त्यानंतर वर्गात ते नाव कुणी घेतलं नाही.

मी परत आत आले तेव्हा मोठ्या बाई हातात कुलूप घेऊन तळघराच्या जिन्यावरून उतरत होत्या. शाळेत आता आम्ही दोघी आणि फाटकाशी शिपाईमामा. "बाई, मी लावते कुलूप," मी म्हटलं. "तुम्ही राहू द्या." त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि खाली गेल्या. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. खाली दार ढकलल्याचा आवाज झाला. आणि मग, आतून, गोड आवाजात:

"बाहेर कोण गं?"

"मी!" मोठ्या बाई गरजल्या. साऱ्या शाळेत त्या एका शब्दावर पोरांची पळापळ व्हायची.

"मी म्हणजे कोण गं?"

हा प्रश्न त्यांना कितीतरी वर्षांत कुणी विचारला नसावा. "मुख्याध्यापिका!"

"नाव सांगायचं नसतं, बाई. गाऊन दाखवायचं. मी ओळखायचं."

"कोण आहे आत? बाहेर ये आधी!"

"गाऊन दाखवा ना..."

मला खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. जिन्यातला उजेड पिवळा पडत गेला. आणि मग खालून एक आवाज आला, जाडाभरडा, घसरता, सात सुरांपैकी एकालाही न शिवणारा. आयुष्यात पहिल्यांदा गात असल्यासारखा.

"मी... गं... मी..."

लगेच कुणीतरी खुदकन हसलं. आणि पावलं सुरू झाली. एक-दोन पावलं नव्हेत गं. रिंगणच्या रिंगण. लहान, अनवाणी पायांचं, लाकडावर गोल गोल फिरणारं. त्यांच्यामध्ये मोठ्या बाईंच्या चपला, खट् खट्, बेताल. किती वेळ, कोण जाणे. मी कठड्याला धरून नुसती ऐकत होते.

मग दार वाजलं आणि मोठ्या बाई वर आल्या. अंबाडा सुटलेला, गुडघ्यांना धूळ, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर... मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं, त्यामुळे ते हसूच होतं की काय ते मला नक्की सांगता येत नाही. हातात कुलूप तसंच.

"तुमचा तास राहू द्या," त्या म्हणाल्या. "ताल पक्का होतो याने. मला दिसलं."

"बाई... तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" आणि लगेच त्यांचा ऑफिसातला आवाज परत आला. "पण हा काय बेजबाबदारपणा? शाळा सुटून किती वेळ झाला, आणि एवढी पोरं अजून खाली ठेवलीत? त्यांच्या पालकांना कळवलंत का? एकेकीचे हात बर्फासारखे गार पडलेत."

"बाई, मुलं तर मघाशीच..."

"आणि तुम्हाला खेळ नीट शिकवताही आलेला नाही," त्या पदर झटकत म्हणाल्या. "राज्य एकाच मुलावर असतं ना? मग ती सगळीच्या सगळी डोळे मिटून का फिरतायत?"